दुनळी ठासणीच्या बंदुकीची मूळ झिलई नष्ट केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: परवानगी नसताना केलेल्या नूतनीकरणामुळे पुरातन बंदुकीच्या मूल्याची झालेली हानी

महोदय,

माझ्या पणजोबांपासून आमच्या घरात असलेली, 19व्या शतकाच्या मध्यास बर्मिंगहॅम येथे घडवलेली दुनळी ठासणीची बंदूक मी परवान्याच्या प्रतीसह आपल्या कार्यशाळेच्या स्वाधीन केली होती. मागणीपत्रावर मी स्वतःच्या हाताने एकच काम लिहिले होते: टोपी (घोडा आदळताच पेटून दारू पेटवणारी छोटी धातूची वाटी) बसवायच्या दोन्ही निपलांच्या, म्हणजे पोकळ खुंट्यांच्या, बुडाशी धरलेला तांबडा गंज थांबवावा, बाकी कशालाही हात लावू नये. जुन्या टोप्यांतील क्षार ओल धरून ठेवतात आणि त्या जागी गंज आत खात जातो, म्हणून तेवढे काम आवश्यक होते. दीड महिन्याने बंदूक परत आली ती काळीकुळकुळीत आणि आरशासारखी चकचकीत होऊन. सोबत ‘एक्सलंट’ अशी प्रत नमूद केलेले प्रमाणपत्र होते आणि बिलात ‘संपूर्ण नूतनीकरण’ अशी नोंद होती. मागणीपत्र आणि बिल या दोन्हींच्या प्रती जोडल्या आहेत.

आपण काय पुसून टाकले, हे मला सविस्तर सांगणे भाग आहे. या बंदुकीच्या नळ्या दमास्कस पद्धतीच्या आहेत. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या दांड्याभोवती गुंडाळून आणि ठोकून अशा नळ्या घडवत. मग त्यांच्यावर मुद्दाम मंद गंज चढवायचा, तो तारेच्या ब्रशने काढायचा, पुन्हा चढवायचा, असे कित्येक दिवस केल्यावर लोखंड आणि पोलाद वेगवेगळी छटा धरतात आणि तपकिरी पृष्ठभागावर वळ्यावळ्यांची नक्षी उमटते. माझ्या नळ्यांवर ही मूळ झिलई अंदाजे 40 टक्के शिल्लक होती. हाताची पकड जिथे पडे तिथे ती विरळ झाली होती, पण दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या कडेने ती इतकी स्पष्ट होती की लहानपणी मी त्या वळ्या बोटाने मोजत असे. आज तिथे सलग काळा रंग आहे.

हा रंग गरम कॉस्टिक क्षारांच्या द्रावणात बुडवून दिल्याचे आपल्याच बिलावरून दिसते. दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी शिसे-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात आणि कॉस्टिक द्रावण तो डाक खाते, म्हणून अशी बंदूक त्या द्रावणात घालू नये, हे या व्यवसायातील प्राथमिक ज्ञान आहे. पट्टीच्या टोकाशी आता नख जाईल एवढी फट दिसते. ती पूर्वी नव्हती. काम देण्यापूर्वीची छायाचित्रे माझ्याकडे आहेत.

बफ (चकाकी आणणारे फिरते चाक) फिरवल्यामुळे पट्टीवर कोरलेले कारागिराचे नाव अर्धवट वाचता येते आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे) शिक्के बोथट झाले आहेत. बंदुकीचा काळ आणि मूळ ठरवायला हेच पुरावे असतात. कळींच्या (बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्ट्यांवर, घोड्याच्या आडोशाला, हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवताना उमटलेला निळा-तपकिरी रंग टिकून होता, तोही गेला. दस्ता इतका घासला आहे की लाकूड पोलादाच्या खाली बसले आहे आणि पकडीवरच्या चौकडीची टोके सपाट झाली आहेत. स्क्रूंच्या खाचा पूर्वी नळीच्या रेषेत उभ्या होत्या, त्या आता वेड्यावाकड्या फिरलेल्या आहेत.

आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर मला सांगितले की चकाकीमुळे किंमत वाढली आहे. हे खरे नाही. अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशनची पुरातन शस्त्रांसाठीची प्रतवारी संग्राहक सर्रास वापरतात. तीत ‘एक्सलंट’ प्रतीसाठी सर्व भाग मूळचे आणि 80 टक्क्यांहून अधिक झिलई मूळची लागते, ‘फाइन’ प्रतीसाठी 30 टक्क्यांहून अधिक. आणि धातू पुन्हा रंगवलेला व लाकूड पुन्हा घासलेले असेल तर ती वस्तू ‘व्हेरी गुड’च्याही खालच्या ‘गुड’ प्रतीत मोडते. म्हणजे माझी ‘फाइन’ बंदूक आपण दोन पायऱ्या खाली आणली आणि प्रमाणपत्रावर मात्र एक पायरी वर चढवली. हे प्रमाणपत्र दाखवून मी उद्या ती विकली, तर घेणाऱ्याची फसवणूक माझ्या हातून होईल, याचे मला सर्वाधिक दुःख आहे.

नवा रंग उतरवून पुन्हा तपकिरी झिलई चढवून देण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. आणखी एकदा घासले तर नळ्या आणखी झिजतील, आणि नवी झिलई कितीही हुबेहूब झाली तरी ती मूळची ठरणार नाही. त्यामुळे बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. आपण आणि मी मिळून नेमलेल्या स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून कामापूर्वीच्या छायाचित्रांच्या आधारे मूल्यातील फरक ठरवून तो भरून द्यावा. काढून ठेवलेले मूळ निपल व दारू ठासायच्या गजाचे पितळी टोक परत करावे. आणि ‘एक्सलंट’ प्रमाणपत्र लेखी रद्द करून कोणत्या दिवशी कोणती प्रक्रिया केली याची नोंद द्यावी. निपल आणि टोक आधी पाठवावे, कारण ते भंगारात गेले तर परत मिळणार नाहीत.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तोपर्यंत बंदूक आहे त्याच स्थितीत माझ्याकडे राहील आणि आपल्या तज्ज्ञाला ती माझ्या घरी येऊन पाहता येईल.

आपला,
तक्रारदार ग्राहक

सोबत: मागणीपत्र, बिल, प्रमाणपत्र आणि कामापूर्वीच्या छायाचित्रांच्या प्रती