ताई, कचऱ्याची गाडी आली नव्हती

प्रिय ताई,

नाव लिहू नकोस असं तू बजावलंयस म्हणून तुझं नाव नाही, आपण काम केलं त्या लॅबचंही नाही. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुला तोंडावर थँक्यू म्हटलं की तू "चल चल, जेल ओत" म्हणून विषय बदलतेस. आणि दुसरं म्हणजे पीएचडीसाठी सिलेक्शन झाल्यापासून ज्युनियर्सचे इतके मेसेज येतायत, दीदी कुठला क्लास लावलेला, कुठलं पुस्तक, किती तास, आणि मी खरं उत्तर द्यायला बसले की ते मेसेजमधे मावतच नाही, कारण खरं उत्तर तू आहेस आणि थोडीशी माझी आजी.

२०२३ ला एमएस्सी झाली तेव्हा मला वाटत होतं मला बायोकेमिस्ट्री येते. डिसेंबरची नेटची परीक्षा दिली, काहीच आलं नाही, जेआरएफ म्हणजे पीएचडीसाठी दर महिना मिळणारी फेलोशिप सोड, लेक्चररशिपसुद्धा नाही. एका मोठ्या संस्थेच्या इंटरव्ह्यूला गेले तिथे बारा मिनिटांत बाहेर. घरी परत आले तर शेजारच्या बेन जिन्यात भेटल्या की "हवे शुं करे छे?" आणि पुण्याची मावशी फोनवर "म्हणजे सध्या घरीच आहे ना ती". हे "घरीच आहे" माझ्या इतकं डोक्यात बसलं की मी दुपारी खाली दूध आणायलासुद्धा जाईना.

त्याच काळात मी रात्री जागून अमेरिकेतलं वाचत बसायचे. तिकडे कॉलेज झाल्यावर पीएचडीच्या आधी वर्ष-दोन वर्षं लॅबमधे पूर्णवेळ काम करतात त्याला पोस्टबॅक म्हणतात, एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा मोठा प्रोग्राम आहे, पगार मिळतो, आणि मग खाली बारीक अक्षरात की फक्त तिथले नागरिक आणि ग्रीनकार्डवाले. मी हे तुला पहिल्याच आठवड्यात रडवेल्या आवाजात सांगितलं होतं, आठवतंय? तू सेंट्रीफ्यूजचं झाकण लावत म्हणालीस, "मग तू आत्ता काय करतेयस? तेच तर. तिकडे त्याला नाव आहे, इकडे नाव नाही म्हणून मावशी त्याला घरी बसणं म्हणते." मावशीला मी हे अजून सांगितलेलं नाही पण मला त्या दिवशी पहिल्यांदा जेवण नीट गेलं.

तुमच्या लॅबमधे यायच्या आधी मी बावीस मेल पाठवले होते. दोन उत्तरं आली, त्यातलं एक सरांचं, "सोमवारी या". पहिले काही महिने बिनपगारी, मग प्रोजेक्टवर घेतलं आणि तो पगारही कधी यायचा ते प्रोजेक्टच्या फायलीलाच माहीत. पण पहिला दिवस. मी ॲप्रन इस्त्री करून आलेले, आणि तू मला एक पिपेट, एक बीकर पाणी आणि वजनकाटा दिलास. शंभर मायक्रोलिटर पाणी म्हणजे ०.१ ग्रॅम, दहा वेळा टाक आणि दहाही आकडे लिही. एमएस्सी डिस्टिंक्शनवाली मुलगी आणि पाणी मोजायचं! मला राग आलेला, खरं सांगते. मग आकडे आले, ०.०९९, ०.१०२, ०.०९१, एकदा ०.०८८, आणि माझा राग तिथल्या तिथे उतरला. दोन वर्षांची माझी सगळी प्रॅक्टिकल्स याच हातानं झाली होती. "अंगठा हळू सोड, पाण्यातून बाहेर काढायच्या आधी एक सेकंद थांब" एवढंच म्हणालीस आणि निघून गेलीस. संध्याकाळपर्यंत माझे दहाच्या दहा आकडे ०.०९९ आणि ०.१०१ च्या मधे होते. तो कागद मी अजून ठेवलाय.

मग ती उलटी ब्लॉट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेस्टर्न ब्लॉटमधे जेलमधली प्रोटीन्स करंट देऊन एका पातळ मेम्ब्रेनवर उतरवतात, एसडीएस नावाच्या साबणासारख्या रसायनामुळे प्रोटीनवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून ती पॉझिटिव्हकडे पळतात, तर जेल काळ्या (निगेटिव्ह) बाजूला आणि मेम्ब्रेन लाल (पॉझिटिव्ह) बाजूला पाहिजे. मी सँडविच उलटं लावलं. तीन दिवसांचं काम, मेम्ब्रेन कोरीकरकरीत, प्रोटीन्स गेली बफरमधे. मला वाटलं तू ओरडशील, किंवा त्याहून वाईट म्हणजे समजूत काढशील. तू दोन्ही केलं नाहीस. "जेल फेकलास?" हो. "मग आता कळणार कसं काय झालं ते? फेकायच्या आधी जेलला स्टेन करायचं आणि मेम्ब्रेनला पाँसो नावाचा रंग लावायचा, जेल रिकामं आणि मेम्ब्रेनही रिकामं म्हणजे माल दुसरीकडे गेला, जेल भरलेलं म्हणजे निघालाच नाही." आणि मग नोटबुकमधे लिहायला लावलंस, तारीख घालून, पेननं, "उलटं लावलं असावं, पुरावा फेकला". हे "पुरावा फेकला" तुझे शब्द, मी नसते लिहिले.

आता मुख्य गोष्ट, आणि यासाठीच खरं तर पत्र.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीला इथे बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीत खाली पाणी, लाईट नाही, लॅपटॉप बंद, लोक मगरीचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतायत तोपर्यंत फोनचीही बॅटरी गेली. बाहेरच्या युनिव्हर्सिट्यांना भरायचं स्टेटमेंट ऑफ पर्पज मी त्या तीन दिवसांत मेणबत्तीपाशी वहीत हातानं लिहिलं, मला ते फार भारी वाटलेलं, पुरात लिहिलेलं एसओपी! पाणी उतरल्यावर तुला आणून दाखवलं. पहिलं वाक्य होतं लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ. तू ते वाक्य खोडलंस, त्याखालचं खोडलंस, पहिला पूर्ण पॅरा खोडलास, आणि समासात लिहिलंस, "तुझा प्रश्न काय आहे?" मी म्हटलं लिहिलाय की दुसऱ्या पानावर, फॅटी लिव्हरमधे ऑटोफॅजी वाढते. तू म्हणालीस हे मराठीत सांग. मला सांगता येईना. म्हणजे ऑटोफॅजी, लिपिड, फ्लक्स, अपरेग्युलेट, आणि मधे मधे "होतं", "असतं", "करतं", एवढंच मराठी. तू काही बोलली नाहीस, फक्त विचारलंस गौरीजेवणाला आजी बोलावणार आहे ना मला.

आणि आलीस. दांडिया बाजारात आजीकडे, पुरणपोळी झाल्यावर, आजी झोपाळ्यावर, आणि तू मला म्हणतेस, "आता आजींना सांग तू दिवसभर काय करतेस." मला वाटलं आजीसमोर तरी सुटका होईल.

मी सुरू केलं. आजी, पेशी असते ना, ती आपल्या आतला खराब माल एका पिशवीत भरते आणि पिशवी नेऊन कचरा जिरवायच्या जागी रिकामी करते, यालाच ऑटोफॅजी म्हणतात, जपानच्या ओसुमींना २०१६ ला यावर नोबेल मिळालं. (आजी: "बरं.") तर आम्ही यकृताच्या पेशींना चरबी खायला घालतो आणि पिशव्या मोजतो, एलसी-थ्री नावाचं प्रोटीन पिशवीला चिकटलेलं असतं, ब्लॉटवर त्याचा पट्टा जाड आला म्हणजे पिशव्या जास्त. आणि आमच्याकडे पट्टा जाड आलाय! म्हणजे पेशी जास्त साफसफाई करतेय.

आजीनं झोपाळा थांबवला. पुरानंतरचे दिवस, गल्लीच्या तोंडाशी काळ्या पिशव्यांचा ढीग, वास येत होता घरापर्यंत. तिकडे हात करून म्हणाली, "मग त्या बघ की किती पिशव्या. लोक जास्त घर झाडायला लागलेत, की गाडीच आली नाहीये?"

ताई, मी त्या प्रोजेक्टवर सहा महिने होते. सहा महिने मी जाड पट्टा बघून खूश होते. पिशव्या साचल्या म्हणजे सफाई वाढली असेल किंवा पुढची वाट बंद पडली असेल, दोन्हीत पट्टा सारखाच जाड दिसतो, हे आमच्या विषयातलं अगदी पहिलं सांगायचं आहे आणि मी ते परीक्षेत लिहूनही आले होते! फ्लक्स, म्हणजे माल किती वेगानं पुढे जाऊन जिरतो, हा शब्द मी दिवसातून दहादा वापरत होते. आणि ज्या औषधाची बाटली आपल्या फ्रीझरमधे होती, बॅफिलोमायसिन, ती आपण प्रत्येक सेटला का टाकतो ते मला "कंट्रोल असतो" एवढंच माहीत होतं. त्यानं गाडी मुद्दाम बंद करायची आणि मग मोजायचं पिशव्या किती जमतायत, जेवढ्या वाढल्या तेवढी खरी सफाई. हे मी आजीला सांगत असताना मलाच कळत गेलं. आणि मी तुझ्याकडे बघितलं तर तू शांतपणे दुसरी पुरणपोळी खात होतीस. तुला माहीत होतं ना? सहा महिने माहीत होतं की मला कळलेलं नाहीये. मी नंतर तुझ्यावर चिडले पण की आधी का नाही सांगितलंस, तर म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस."

(आपल्या डेटात पुढे निघालं काय तर गाडीच मंदावली होती. म्हणजे माझं एसओपी पुरात वाहून गेलं असतं तरी चाललं असतं.)

तिथून पुढे दर रविवारी सुरसागर तलावाच्या पाळीवर तू मला मराठीतून विचारायचीस, मी मराठीतून सांगायचे, अडले की सेव उसळीचे पैसे मी द्यायचे, आणि पहिले दोन महिने माझे बरेच पैसे गेले. त्यातच ते नेटचंही. पार्ट सीत ७५ प्रश्न असतात आणि २५ च सोडवायचे, चार-चार मार्कांचे, चुकलं की पंचवीस टक्के कापतात, आणि मी डिसेंबरात सगळे वाचत बसलेले. तू म्हणालीस पन्नास सोडायचा पेपर आहे तो, आधी सोडायला शीक. कुठला प्रश्न आपल्याला कळल्यासारखा वाटतो आणि कुठला खरंच कळलाय, हे ओळखायची सवय रविवारी लागलेलीच होती. त्याआधी, पुराच्या आधीच्या जुलैत, थोडक्यात हुकलं होतं, पुढची डिसेंबरची म्हणून जी फेब्रुवारी-मार्च २०२५ ला झाली त्यात जेआरएफ आलं. महिना ३७,००० हा आकडा ऐकल्यावर शेजारच्या बेन आता जिन्यात आधी हसतात.

बाहेर तीन ठिकाणी भरलं होतं, तिन्हीकडून नकार, त्या वर्षी तिकडे फंडिंगचा गोंधळ होऊन बऱ्याच ठिकाणी बायोमेडिकलच्या जागाच कमी झाल्या, त्यावर जास्त बोलत नाही. पण शिफारशीची लेटरं मागायची कशी ते तू शिकवलंस ते सगळ्यांना सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. "सर लेटर द्याल का" असं विचारायचं नाही. "माझ्याबद्दल चांगलं लिहिण्याइतकं तुम्ही माझं काम बघितलंय असं वाटतं का" असं विचारायचं, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते, आणि सोबत एक पान द्यायचं की मी तुमच्याकडे काय केलं, काय फसलं, आणि महिनाभर आधी. एका मॅडमनी मला स्पष्ट नाही सांगितलं. वाईट वाटलं पण कोमट लेटरपेक्षा ते परवडलं.

आणि मी चोवीस वर्षांची झाले म्हणून रडत होते तेव्हा तू वेंकी रामकृष्णनांचं काढलंस. इथल्याच सयाजीराव युनिव्हर्सिटीतून १९७१ ला फिजिक्सची बीएस्सी, ओहायोला फिजिक्समधेच पीएचडी, आणि पीएचडी झाल्यावर सॅन डिएगोला परत विद्यार्थी होऊन बायोलॉजीच्या वर्गात. नोबेल २००९ ला. हे बडोद्यातल्या प्रत्येक पोराला शाळेपासून ऐकवतात पण नोबेलपासून सुरू करून, तू त्या परत वर्गात बसण्यापासून सुरू केलंस.

इंटरव्ह्यूचं तुला फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. पाच जण होते, बोर्डवर ब्लॉट काढायला लावली. मी मनातल्या मनात गाडी-पिशव्या तयार ठेवलेल्या आणि त्यांनी ते विचारलंच नाही! विचारलं काय, तर एलसी-थ्रीचे दोन पट्टे येतात, खालच्या पट्ट्यातल्या प्रोटीनला एक लिपिड चिकटलेलं असतं म्हणजे ते जड, मग जड असून खाली का पळतं? मला माहीत नव्हतं. गेल्या वेळी अशाच जागी मी काहीतरी ठोकून दिलं होतं. यावेळी म्हटलं माहीत नाही, पण मोठ्यानं विचार करू का. आधी चुकीच्या दिशेला गेले, आकार-बिकार, मग एका मॅमनी विचारलं जेलमधे धावायचा वेग कशावर ठरतो, आणि मी खरंच मराठीत पुटपुटले "एसडीएस किती चिकटतं त्यावर", मग इंग्रजीत, की लिपिडमुळे ते जास्त तेलकट होतं, एसडीएस जास्त धरत असेल. एक सर हसले, म्हणाले पहिलं वाक्य पुन्हा म्हणा, आम्हालाही कळलं. ते कुठले होते कोण जाणे, आडनाव तरी आपल्यातलं नव्हतं.

जुलैअखेरीला निघतेय. तुझा निळा फ्लास्क आणि टायमर माझ्याकडे आहे, फ्लास्क परत देईन, टायमर मिळणार नाही. आणि तुझी थिसिसची व्हायव्हा पुढच्या महिन्यात आहे हे मी आजीला सांगितलंय. तिनं विचारलंय ती पोरगी स्वतः काय करते ते मला अजून कोणी सांगितलं नाही. मंगळवारी संध्याकाळी ये, सोमवारी तिचा उपास असतो आणि उपासाच्या दिवशी ती फार प्रश्न विचारते. लीलो चेवडो मी आणते.

तुझीच,
०.०८८ वाली