टेबलाच्या पायाखालचा कागद

ताई,

हे तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही "काहीतरीच काय" म्हणून विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

मूल दत्तक देण्याआधी समाजसेवक घरी येऊन पाहणी करतात, मुलाखती घेतात, त्या होम स्टडीला ४ दिवस उरले होते. घर इतकं घासूनपुसून ठेवलं होतं की नवरा सोफ्यावर टेकायलाही घाबरायचा. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी भीतीच घातली. एकीने बजावलं, गर्भपातांबद्दल चकार शब्द काढू नका, 'मनाने खचलेली' असा शेरा बसेल. २० वर्षांच्या ओळखीतल्या गृहस्थांनी शिफारसपत्राला ऐन वेळी नकार दिला, "उद्या काही झालं तर माझं नाव नको." काय होणार होतं उद्या, त्यांनाच ठाऊक. आणि अर्ज जिथे केला तिथल्या बाईंचं एकच पालुपद: सगळं फॉर्ममध्ये आहे. फॉर्म तोंडपाठ होता हो आम्हाला!

मग तुम्ही आलात. दोन दत्तक मुलांची आई एवढीच तुमची ओळख, तीही लिफ्टमधली. मी तुमच्यापुढे प्रश्नोत्तरांचे तीन कागद ठेवले. 'दत्तक का घेताय?' पासून 'मुलाला हे कधी सांगाल?' पर्यंत सगळं. माझी उत्तरं लाल शाईत, नवऱ्याची निळ्या. मुलाखती वेगवेगळ्याही घेतात हे कळल्यापासून आम्ही एकमेकांची उत्तरंसुद्धा घोकत होतो.

तुम्ही पहिलं पान वाचलंत. काही बोलला नाहीत. आमचं टेबल डुगडुगत होतं. तुम्ही तिन्ही कागदांची घडी घातलीत, मग आणखी एक, खाली वाकलात आणि ती पायाखाली सारलीत. वरून हाताने दाबून पाहिलंत. "आता बरं झालं."

आधी नवरा हसला, मग मी, आणि मग मला रडू आवरेना. दोन्ही गर्भपातांच्या वेळचं सगळं सांगून टाकलं, जे सख्ख्या बहिणीलाही धड सांगितलं नव्हतं. तुम्ही मध्ये एकदाही "होईल सगळं नीट" म्हणाला नाहीत. शेवटी म्हणालात, "हे त्यांनाही असंच सांगा. दुःख झालं यात लपवण्यासारखं काय आहे?"

निघताना बाथरूममधली भरलेली बादली तेवढी ओतून दिलीत. २ इंच पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं, हे त्या फॉर्मवाल्या बाईंनी कधी सांगितलं नव्हतं. औषधं कुलपात ठेवायला लावलीत, बाकी पसारा परत मांडायला सांगितलात. "माणसं राहतात असं दिसू दे."

भेटीचं काय सांगू, पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही आणि काही अडलंही नाही.

मदत करणारे पुष्कळ असतात, पण बहुतेकांच्या मदतीला उपकाराचा वास येतो. तुम्ही आमच्याकडे पाऊण तास होतात आणि स्वतःच्या दत्तकाच्या खटपटींबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

लेक आता दीड वर्षाची आहे. परवा टेबलाखाली बसून तिने ती घडी ओढून काढली आणि एक कोपरा चघळून टाकला. टेबल पुन्हा डुगडुगतंय. नवरा दुसरा कागद लावायला निघाला होता, मी थांबवलंय.

तुम्हीच येऊन लावा.