खड्डा फणसाखाली नको

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नकाशा मिळाला. पाहुण्यांसाठीच्या दोन्ही खोल्या छान बसवल्यास, पडवीला वाराही लागेल. फक्त संडासाच्या टाकीतलं पाणी जमिनीत जिरवायला फणसाखाली जो शोषखड्डा दाखवला आहेस, तो तिथे नको. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहायला बसले.

फणस तळीच्या वरच्या अंगाला आहे. काल बाबांनी आणि मी सुंभ धरून मोजलं. बुंध्यापासून तळीचा काठ ३१ फुटांवर. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा निदान १८ मीटर, म्हणजे जवळजवळ ६० फूट लांब हवा, असं भारतीय मानक सांगतं. तू म्हणशील, विहीर तर त्याच्याही पुढे आहे. पण तळी आटायला लागली की आठवडाभरात विहीर खाली जाते, हे तू लहानपणापासून बघितलंस ना? तळीचंच पाणी झिरपून तिकडे उतरतं.

आणि ते ६० फूट साध्या मातीच्या जमिनीत. माती पाणी हळूहळू सोडते, तेवढ्यात घाणीतले जंतू अडकतात, मरतात. आपल्याकडे जांभा. पडवीच्या कडेला जो चिरा उरला आहे तो आठव, नुसती भोकं. खाली कातळात भेगा असतील तर पाणी गाळून जात नाही, नळातून गेल्यासारखं जातं. आषाढात तर आपली विहीर काठाला टेकते. तेव्हा जमिनीतलं पाणी खड्ड्यातच शिरणार आणि सगळं सोबत घेऊन उताराला लागणार.

दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. तू परीक्षेत होतीस, म्हणून तुला सगळं सांगितलं नाही. वरच्या घराच्या संडासाच्या टाकीला तडा गेला होता. आधी तळीवर हिरवी साय धरली. मला वाटलं, उन्हाळ्याचं शेवाळ. मग एका पहाटे पाणी काढायला गेले तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडून होते, ओठ पाण्याबाहेर. ऊन वर आलं तसे खाली गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काठाला अकरा मेलेले. मैल्यातून येतं ते शेवाळाला खतच असतं. दिवसा ते शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री मात्र पाण्यातला ओढून घेतं, म्हणून मासे पहाटे तडफडतात.

गावात पाणी तपासायला ज्या पाच बायकांना शिकवलं, त्यांत मी आहे. तळीचं आणि विहिरीचं, दोन्ही पाणी तपासणीच्या बाटल्यांत भरून फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं. पाणी काळं पडलं की त्यात मैला मिसळल्याची शंका धरायची. सकाळी तळीची बाटली शाईसारखी काळी. विहिरीची संध्याकाळपर्यंत काळी पडली. बाय, त्याच विहिरीचं पाणी आजी पीत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. महिनाभर पाणी उकळून प्यायलो. वरच्या लोकांनी टाकी बांधून घेतली, भांडण झालं नाही, पण तळी निवळायला पुढचा अख्खा पावसाळा गेला.

म्हणून आता आपणच तेच करायचं नाही.

खालच्या अंगाला माडांत खड्डा घ्यावा असं बाबा म्हणाले. पण गडग्यापलीकडे काकूंची विहीर आहे. आपलं पाणी वाचवून त्यांचं नासवायचं, हे मला जमणार नाही. मला काजूच्या बाजूचा कोपरा बरा वाटतो. तिथून तळी ७४ फूट, काकूंची विहीर त्याहून लांब, आणि जमीनही थोडी उंच. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातलं पाणी यांच्यामध्ये दोन मीटर कोरडी जमीन राहायला हवी. तेवढी मिळत नसेल तर भराव घालून शोषण्याची जागा उंच करायची. पाणी उताराने तिथवर जावं म्हणून खोल्यांचं जोतं वर घ्यावं लागेल, खर्च वाढेल, तो करू.

टाकी दोन कप्प्यांची, आतून नीट गिलावा केलेली. पाणी भरून आठवडाभर ठेवायचं, रेघ उतरते का बघायचं, मगच वापरायची. न्हाणीचं पाणी त्यात सोडू नकोस, ते केळींना जाऊ दे. आणि एक गोष्ट नकाशात कुणीच धरत नाही: दोन-तीन वर्षांनी गाळ उपसायला गाडी लागते, ती आपल्या पायऱ्यांच्या पाखाडीवरून येणार नाही. काजूचा कोपरा रस्त्याला लागून आहे, तिथे गडग्यात फाटक ठेव.

तळीच्या वरच्या काठाला मी वाळ्याचं गवत लावलं आहे. पावसाचं वाहतं पाणी वळवायला एक चरही मारून घेतला. त्याने वरून येणारी घाण अडेल, पण जमिनीखालून येणारी नाही.

गवंडी पौर्णिमेनंतर येणार आहे. त्याच्या आधी एक दिवस तरी ये आणि लांब टेप घेऊन ये. सुंभ ओढला की ताणतो, माझे आकडे फूटभर इकडेतिकडे असतील.

तुझी,
आई