अजून अर्धी वाढ गं

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

समोर बोलायला गेले की गळा दाटतो, म्हणून लिहितेय. आपल्या मंडळीत सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

तुम्ही आलात तेव्हा यांचा एमआयडीसीतला कारखाना बंद पडून सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत आमच्याकडे माणसं कमी आली नाहीत. यायची, प्रार्थना करायची आणि उठताना सांगायची, आहे त्यात समाधान मानावं, बायबलात प्रेषित पौलानंच लिहिलंय. चहा मात्र कुणी घ्यायचं नाही. ‘राहू दे, तुमचंच अवघड चाललंय.’ मावशी, ते ‘राहू दे’ फार लागायचं हो. आपल्या घरचा घोटभर चहाही लोकांना जड झाला, असं वाटायचं.

त्या संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते. तुम्ही पदर खोचून समोर बसलात आणि अर्धी जुडी ओढून घेतलीत. बराच वेळ काही बोलला नाहीत. नुसते देठ खुडत होतात. मग जेवायला बसलात. बाजरीची भाकरी आणि तीच मेथी. मी एक भाकरी वाढली, तीही भीतभीत. ती संपली आणि तुम्ही ताट पुढं केलंत, ‘अजून अर्धी वाढ गं.’

मी ओट्याकडे वळले ती डोळे पुसायलाच. किती दिवसांनी माझ्या हातचं कुणी मागून खाल्लं होतं!

जेवण झाल्यावर तुम्ही शास्त्र काढलंत. फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय. त्यातलं तेरावं वचन, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो, आमच्या भिंतीवर कधीचं लावलेलं आहे. तुम्ही बोट ठेवलंत अकराव्यावर. ‘आहे त्यात समाधानी राहायला शिकलो म्हणतोय बघ पौल. त्यालाही शिकावं लागलं.’ आणि तिथंच न थांबता चौदावं वाचलंत: माझ्या संकटात वाटेकरी झालात, हे बरं केलंत. पौल बेड्यांत होता. फिलिप्पैच्या गरीब मंडळीनं आपल्यातल्या एपफ्रदीताच्या हाती मदत धाडली, तो बिचारा त्या कामात आजारी पडून मरणाला टेकला. ते सगळं मनात ठेवून पौल आभार मानतोय आणि त्या आभारातच समाधानाचं सांगतोय, तेही स्वतःपुरतं. मला लोकांनी ऐकवलं ते मागचंपुढचं कापून. दुसऱ्याच्या रिकाम्या डब्याकडे बघून म्हणायचं ते वचनच नव्हे.

देणारी माणसं देव भेटवतो, त्यांचे उपकार आहेतच. पण आपल्या हातचं आनंदानं घेणारं माणूस भेटायला नशीब लागतं.

यांना आता गोदामात रात्रपाळी मिळालीय. पगार निम्माच आहे, फीची काळजी आहे. तरी परवा धाकटी म्हणाली, ‘आई, तू भाकऱ्या थापताना गात होतीस.’ माझं मलाच कळलं नव्हतं.

बाजरी दळून आणलीय. रविवारी उपासना झाली की इकडेच या. या खेपेला अर्धी चालणार नाही, अख्खी वाढणार आहे.

तुमची लेकच