दिलीप, युवराजचं पुस्तक वाचून लिहितोय

नाशिक

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, विषय बदलतोस, म्हणून पत्र. बऱ्याच वर्षांनी लिहितोय तेव्हा अक्षर लावून वाच.

युवराज सिंगचं ‘द टेस्ट ऑफ माय लाइफ’ वाचून संपवलं. ते २०१३ साली आलं तेव्हा आपल्यात त्याच्यावर भरपूर बोलणं झालं, पण वाचलं दोघांनीही नव्हतं. युवराज आपल्याला पाठच होता ना! डर्बनचे सहा षटकार, वानखेडेवर धोनीने षटकार मारल्यावर पलीकडून धावत येऊन त्याला मिठी मारणारा तो. मला वाटत होतं, क्रिकेटपटूचं पुस्तक म्हणजे सामने, धावा आणि शेवटी आभार. तसं ते नाही. अर्ध्यावर आल्यावर तू सारखा डोळ्यांसमोर यायला लागलास, आणि तेव्हाच ठरवलं की तुला लिहायचं.

२०११चा विश्वचषक आठव. ३६२ धावा, १५ बळी, मालिकावीर. बंगळूरला आयर्लंडविरुद्ध पाच बळी आणि वर नाबाद अर्धशतक. आता चेन्नईच्या चेपॉकचा सामना आठव, २० मार्च, समोर वेस्ट इंडीज. ११३ काढले त्याने. मधेच बॅटवर रेलून वाकला, खोकला, खेळपट्टीच्या कडेला ओकला. आपण म्हटलं, मद्रासचं ऊन आहे, कोणाचंही होईल. दिलीप, तोही स्वतःला हेच सांगत होता. खोकल्यातून रक्त पडत होतं, रात्री झोप लागत नव्हती, दम पुरत नव्हता, आणि प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कारण तयार होतं. ऊन. स्पर्धेचं दडपण. दगदग. त्याच्या छातीत दोन फुफ्फुसांच्या मध्ये, हृदयाच्या शेजारी गाठ वाढत होती, आणि साऱ्या देशाबरोबर तोही धावफलकाकडे बघत होता.

विश्वचषकानंतर तरी थांबावं? जुलैत इंग्लंडला गेला, नॉटिंगहॅमला बोट मोडून परत आला. छातीत काहीतरी आहे हे कळल्यावरसुद्धा नोव्हेंबरात दिल्ली आणि कोलकात्याच्या कसोटी खेळला. कसोटी संघातली जागा त्याला कधी पक्की मिळाली नव्हती, ती मिळेल असं वाटत होतं, मग कोण सोडतो? वाचताना मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याचं पूर्ण पटतही होतं. पहिल्यांदा ऐकलेल्या निदानावर विश्वास बसेना, तेव्हा गाठ साधी असेल, काहीतरी दुसरं औषध लागू पडेल, अशी आशा धरून काही महिने काढले. कॅन्सर आहे हे जगाला कळलं २०१२च्या फेब्रुवारीत, तेव्हा तो अमेरिकेत इंडियानापोलिसला केमोथेरपी घेत होता.

तो असा का वागला याचं उत्तर मला त्याच्या लहानपणात सापडलं. वडील योगराज सिंग, स्वतः एक कसोटी खेळलेले. पोरगा स्केटिंगमध्ये पदक जिंकून आला तर त्यांनी ते पदक फेकून दिलं, म्हणाले क्रिकेट खेळ. दुखलं, लागलं, थकलो, या शब्दांना त्या घरात जागा नव्हती. अशा तालमीतून आलेला मुलगा मोठा खेळाडू होतो, कारण शरीर नको म्हणत असताना तो पुढे जाऊ शकतो. आणि नेमकं शरीर खरोखर नको म्हणायला लागतं तेव्हा त्याला ते ऐकूच येत नाही. ऐकायचं नाही हेच तर आयुष्यभर शिकलेला असतो. संपूर्ण पुस्तकात मला हे सगळ्यात मोठं वाटलं, आणि पुढचं सगळं मी याच्यासाठीच लिहितोय.

हे त्या एकट्याचं नाही. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूचं आजारपणावरचं पुस्तक युवराजने पूर्वी अर्धवट सोडलं होतं, ते त्याने या दिवसांत परत हातात घेतलं. म्हणून मीही ते मिळवून वाचलं. सायकलपटूचं अख्खं आयुष्य वेदना सोसण्यात जातं. आर्मस्ट्राँगचं वृषण सुजलं तर त्याने त्याचं खापर सायकलच्या खोगिरावर फोडलं. डोकं फुटेल इतकं दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तरी सराव चालूच. २ ऑक्टोबर १९९६ला निदान झालं तेव्हा तो २५ वर्षांचा होता आणि कॅन्सर पोटातून फुफ्फुसांत आणि मेंदूपर्यंत पोचला होता. मेंदूवरची शस्त्रक्रिया आणि बराचसा केमो झाला तो इंडियाना राज्यात, याच इंडियानापोलिसला.

तू लगेच म्हणशील, त्या उत्तेजकं घेणाऱ्याचं काय सांगतोस. बरोबर आहे. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची १९९९ ते २००५ अशी सातही जेतेपदं २०१२ साली त्याच्याकडून काढून घेतली आणि पुढच्या जानेवारीत त्याने टीव्हीवर कबुलीही दिली. त्याच्या पुस्तकातल्या शर्यतींवर माझा आता विश्वास नाही आणि त्याने इतकी वर्षं लोकांना फसवलं याचं मला फार वाईट वाटतं. पण मेंदूतल्या गाठी खोट्या नव्हत्या. दवाखान्यातली पानं मी त्याच्यासाठी वाचली नाहीत, त्याच्यावर उपचार करणाऱ्यांसाठी वाचली. त्या पानांनी मला ज्या गोष्टीपर्यंत नेलं ती तुला सांगायलाच हवी, कारण विज्ञानाचा तास चुकवून मैदानावर पळणारा तू असलास तरी ही तुला आवडेल.

१९६५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग नावाचा शास्त्रज्ञ विजेचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होता. द्रावणात प्लॅटिनमच्या पट्ट्या सोडून वीज चालू केली, तर जिवाणूंची फोड होईना. वाढायचे, लांबच लांब व्हायचे, पण एकाचे दोन होत नव्हते. शोध घेतला तेव्हा लक्षात आलं, वीज निमित्तमात्र होती. पट्ट्यांतलं प्लॅटिनम द्रावणात उतरून त्याचं एक संयुग तयार होत होतं आणि तेच पेशीची फोड रोखत होतं. कॅन्सर म्हणजे तरी काय, लगाम सुटलेली पेशींची फोड! त्यातून सिस्प्लॅटिन नावाचं औषध आलं. १९७४ साली इंडियानातल्या लॉरेन्स आइनहॉर्न नावाच्या तरुण डॉक्टरने ते आणखी दोन औषधांबरोबर जॉन क्लीलँड या विद्यार्थ्याला दिलं. वृषणाचा कॅन्सर, फुफ्फुसांत पसरलेला, आधीचे उपाय थकलेले. पोरगा बरा झाला. ज्या आजारात पसरल्यावर बहुतेक जण दगावायचे, त्यात आज बहुतेक जण वाचतात. युवराजची गाठ छातीत असली तरी जात त्याच कुळातली, सेमिनोमा. आणि २०१२ साली त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर कोण? तेच आइनहॉर्न.

हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. आपल्याकडे म्हणतात, अमक्याने जिद्दीवर कॅन्सरला हरवलं. मला हे बोलणं आता सहन होत नाही. जिद्द काय कमी होती युवराजकडे? ती गाठ वाढत असताना त्याच जिद्दीवर तो शतक ठोकत होता, आणि गाठीला त्याने काडीचाही फरक पडला नाही. गाठ वितळली ती औषधाने. मग जे गेले त्यांची जिद्द कमी पडली असं म्हणायचं का? तुझा मामा गेला तेव्हा त्याने काय कमी सोसलं होतं? माणसाच्या हातात एकच गोष्ट असते, औषधाला वेळ मिळेल इतक्या लवकर दारात पोचणं.

इंडियानापोलिसची प्रकरणं सावकाश वाचायची आहेत. तिथे सामना नाही, पराक्रम नाही. आई शबनम सोबत राहते, रांधते, आणि पोराला अन्नाचा वास सहन होत नाही. बाहेर थंडी, आत नळीतून थेंब थेंब औषध. केस गेले, टक्कल झालेला स्वतःचा फोटो त्याने लोकांपुढे ठेवला. अनिल कुंबळे भेटायला गेला होता. मैदानावर ज्याच्या खांद्यावरून चेंडू प्रेक्षकांत जायचा, त्याला दुसऱ्याचा हात धरून उभं राहायला शिकावं लागलं, आणि ते त्याला शतकापेक्षा अवघड गेलं असं मला वाचताना जाणवलं. तीन फेऱ्या झाल्या, मार्चमध्ये सुट्टी मिळाली, एप्रिलमध्ये घरी.

पुनरागमनाचं मी थोडक्यात सांगतो, तुला ठाऊकच आहे. ११ सप्टेंबर २०१२, पुन्हा चेन्नईच, न्यूझीलंडविरुद्ध २६ चेंडूंत ३४. एका धावेने आपण हरलो आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पुढे २०१७मध्ये कटकला १५०, त्याच्या एकदिवसीय कारकिर्दीतली सगळ्यात मोठी खेळी. लोक ते सांगतात. मला त्या १५०पेक्षा नळी लावून पडून राहिलेला युवराज जास्त शूर वाटतो.

आता तुझ्याकडे येतो.

दिवाळीपासून तू खोकतोयस. आवाज बसलाय तो बसलाच आहे. पुतणीच्या लग्नात जेवायला बसलो तेव्हा बघितलं, तुझ्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं आहे, खिळ्याने पाडलेलं, वाकडं. मी विचारलं तर म्हणालास, शाळेच्या क्रीडा महोत्सवाची दगदग, मैदानावरची धूळ, पोरांवर ओरडून घसा गेला. दिल्या, पुस्तकातली वाक्यं आहेत ही. शब्द वेगळे, बाकी तीच.

तुला असं का वाटतं हे मला कळतं. मी होतो ना तिथे. जिल्ह्याच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात तू खुंटावर सूर मारलास आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. बाहेर आलास, चेहरा पांढरा. कोणाचा तरी मफलर घेऊन हात छातीशी बांधून घेतलास आणि संरक्षणाला परत आत गेलास. पूर्ण पाळी काढलीस. एक हात बांधलेला, दुसऱ्याने तोल सावरत, खुंटाभोवती वळताना ओठ दातांत धरलेला. सर म्हणाले, याला म्हणतात खेळाडू. ते खोटं नव्हतं, मला आजही त्याचा अभिमान आहे. पण तो डाव नऊ मिनिटांचा होता. ती नऊ मिनिटं तू चाळीस वर्षं खेळतोयस. गुडघा गेला तेव्हा तेच केलंस, साखरेचं तेच, आणि आता हा खोकला.

मी डॉक्टर नाही आणि तुला काय झालंय ते मला माहीत नाही. काहीच नसेल. क्षयही असू शकतो, तो आपल्याकडे घरोघरी आहे आणि पूर्ण बरा होतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासून घ्या, हे सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, पैसेही पडत नाहीत. तुझे दोन आठवडे कधीच होऊन गेले. त्याहून वाईट काही असेल तर ते मार्चमध्ये कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. हा हिशोब तुला मी का शिकवावा? पोरं पडली की आधी हाड बघतोस, मग ओरडतोस.

भीती वाटत असेल तर तसं म्हण. मला फोनवर नुसतं म्हण की भीती वाटते. आपल्यात ते चालतं. वडील गेल्यावर मी तुझ्या अंगणात बसून रडलो होतो, तू काही न बोलता शेजारी बसून होतास. तसंच मी बसेन.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय, शनिवारी सकाळी कोल्हापूर. स्टँडवर यायची गरज नाही, रिक्षाने येतो. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी शनिवारीच करून घेऊ. आवाजासाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ तू घेऊन ठेव. नाही घेतलीस तर मी तिथे आल्यावर घेईन, पण मग तुझी सुटका नाही. जुना एक्स-रे कुठे असेल तर शोध, तुलना करायला लागतो. साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेव. शनिवारी शाळेत सराव आहे हे मला माहीत आहे. पाटील सरांना सांग, एक दिवस ते बघतील.

वहिनींना मी येतोय एवढंच सांग. बाकी काय आणि कधी सांगायचं ते तू ठरव, मी तोंड उघडणार नाही. पण त्यांना काही दिसत नसेल असं समजू नकोस, लग्नात तुझ्या ताटाकडे त्याच बघत होत्या.

पत्र मिळालं की फोन कर. मिळालं नाही असं म्हणू नकोस, स्पीड पोस्टने पाठवतोय.

तुझा,
अनंता