राइटअप जरा उशिरा उघड

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

एका बैठकीत बँडिटच्या, म्हणजे त्या हॅकिंग शिकवणाऱ्या ऑनलाइन खेळाच्या, इतक्या लेव्हल उडवल्यास, ऐकून बरं वाटलं. राइटअप, म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेली उकल, शेजारच्या टॅबमध्ये उघडा होता, हेही तूच सांगितलंस, म्हणून हे पत्र.

लेव्हल एक आठव. फोल्डरमध्ये एकच फाइल, पुढच्या लेव्हलचा पासवर्ड तिच्यातच, आणि तिचं नाव नुसतं '-'. 'कॅट' ही फाइलमधला मजकूर दाखवणारी कमांड, पण 'कॅट -' दिलं की स्क्रीन गप्प. एरर नाही, उत्तर नाही, कर्सर आपला लुकलुकतोय. कारण कॅटच्या लेखी ते फाइलचं नाव नव्हेच, 'कीबोर्डवरून येईल ते वाच' असा तो हुकूम आहे. काही टाइप करून एंटर दाबलंस तर तेच परत छापेल. नावाआधी './' लावलं की मग कुठे ती फाइल ठरते.

राइटअपमध्ये यावर जेमतेम एक ओळ असते. चिकटवली की पासवर्ड हातात! पण नाव कुठलं आणि हुकूम कुठला यात प्रोग्रामची गल्लत होते, हे त्या गप्प स्क्रीनपुढे चरफडल्याशिवाय डोक्यात बसत नाही. पुढे वेबच्या चॅलेंजमध्ये एसक्यूएल इंजेक्शन येईल, तिथेही हीच गल्लत आहे. लॉगिनच्या चौकटीत कुणी नावासोबत एक अवतरणचिन्ह घुसवतं आणि डेटाबेस त्यापुढचा मजकूर हुकूम समजून पाळतो. बँडिट नीट खेळलेल्याला ते फार नवं वाटत नाही.

तेव्हा आधी 'मॅन कॅट', म्हणजे कॅटची माहितीपुस्तिका, वाच. कंटाळवाणं आहे, कबूल. अगदीच अडलीस तर राइटअप बघ, पण मग तो मिटून लेव्हल पुन्हा सोडव.

यानंतर पिकोसीटीएफ ही हॅकिंगची स्पर्धा घे. कार्नेगी मेलन विद्यापीठ 2013 पासून ती नवख्यांसाठीच चालवतं. आपल्याकडे अमृता विद्यापीठाच्या बायोस संघाची इनसीटीएफ आहे. लास व्हेगासच्या डेफकॉन या हॅकर संमेलनातली स्पर्धा राहू दे सध्या.

आणि हो, कॉलेजच्या निकालाच्या साइटवर ते अवतरणचिन्ह टाकून बघायचा मोह होईल. नको. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 खाली येतं, आणि हेतू लबाडीचा ठरला तर कलम 66 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद. हात शिवशिवले तर स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणारा आभासी संगणक, टाक आणि तिचं काय वाटेल ते कर.

पुढच्या लेव्हलचे पासवर्ड मला सांगू नकोस. मीही खेळतोय.

तुझा,
बाबा