रात्रपाळीच्या त्या डॉक्टर मॅडमना थँक्यू

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

एवढ्या पेशंटमध्ये तुम्हाला आठवेल की नाही माहीत नाही, एप्रिलच्या उन्हाळ्यात होटगी रोडकडून फिट आलेली बाळंतीण रात्री आणली होती बघा, तिचा मी भाऊ. डिस्चार्जला तुमची ड्युटी नव्हती, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितोय.

ताई बाळंत झाल्यापासून डोकं लई दुखतंय म्हणत होती, सगळ्यांना वाटलं जागरण आहे, सोलापूरचं ऊन आहे, मग उलट्या आणि एकदम फिट. तुम्ही एमआरआयसोबत व्हेनोग्राफी, म्हणजे मेंदूतल्या शिरांची तपासणी पण करायला लावली, त्यातच सापडलं की मेंदूतलं रक्त परत नेणारी शीर गुठळीनं बंद झालीय, आणि बाजूला थोडा रक्तस्राव पण आहे. वर तुम्ही म्हणालात हेपारिन चालू करतोय, रक्त पातळ व्हायचं! दाजी तर उठूनच उभे राहिले, डोक्यात रक्त सांडलंय आणि पातळ कशाला करताय म्हणून.

दुसरं कुणी असतं तर सही करा म्हणून मोकळं झालं असतं. तुम्ही लॅबच्या एका जुन्या चिठ्ठीमागं पेनानं मेंदू काढला, वरून मागं जाणारी मोठी शीर काढली आणि म्हणालात, मोरी तुंबली की पाणी घरात येतं ना, तसं रक्त पुढं जाईना म्हणून मागं दाब वाढून फुटलंय, फुटलंय म्हणून थांबलो तर तुंबलेलं तसंच राहणार. १९९१ साली जर्मनीत फक्त २० पेशंटवर अभ्यास झाला, त्यात रक्तस्राव असलेल्यांना पण हेपारिन दिलं आणि ते सुधारले, हे पण सांगितलंत. धोका अजिबात नाही असं मात्र तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. म्हणूनच दाजींनी विश्वासानं सही केली, हे मला आज पण वाटतं.

आणि आईला पाण्याचं सांगितलंत ते! आमच्याकडं बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायची पद्धत आहे. बाळंतपणानंतर रक्त आधीच लवकर गोठतंय, त्यात अंगातलं पाणी कमी झालं की गुठळीला वाव मिळतो, हे तुम्ही आईचा हात धरून, आवाज न चढवता सांगितलंत. आता आईच गल्लीतल्या बाळंतिणींना तांब्याभर पाणी प्यायला लावते.

पोटातली इंजेक्शनं, मग अ‍ॅसिट्रोम ही रक्त पातळ करायची गोळी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा, मेथी-पालक बंद नाही पण रोज साधारण सारखीच, एकदम गड्डीभर नाही, दुखलं तर मनानं पेनकिलर नाही, काळी शी किंवा हिरड्यातून रक्त आलं तर लगेच यायचं, दूध पाजायला हरकत नाही. हे सगळं तुमच्या अक्षरात फाईलला आहे आणि ताईनं तसंच पाळलं. सहा महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी गोळी बंद केली. डोकेदुखी नाही, नजर चांगली, बाळ आता रांगतंय.

इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या कधीच नको आणि पुढं दिवस राहिले तर पहिल्यांदा न्यूरोला, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं, हे तुम्ही लाल पेनानं लिहिलंय, ते पान दाजींनी मोबाईलमध्ये पण ठेवलंय. मॅडम, आमच्या सगळ्या घराकडून तुमचे मनापासून आभार.